कापूस, बँक आणि जकात: १८०० ते १८४० मधली अमेरिका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की गप्पा १८६१ पासून सुरू होतात आणि लिंकनपाशी संपतात. मग कुणीतरी विचारतं, "पण मुळात भांडण कशाचं होतं?" त्याचं उत्तर द्यायचं तर चाळीस-पन्नास वर्षं मागं जावं लागतं. तिथले नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक खुलासा आधीच करतो. इथे 'काँग्रेस' म्हणजे पक्ष नव्हे, अमेरिकेची संसद. तिची दोन सभागृहं: लोकसंख्येच्या प्रमाणात सदस्य असलेलं प्रतिनिधीगृह, आणि प्रत्येक राज्याला दोन जागा देणारं सिनेट. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

'उत्तर' आणि 'दक्षिण' यांची हद्द कुठे होती?

पूर्वेकडे पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्यामधली मेसन-डिक्सन रेषा, पश्चिमेकडे ओहायो नदी. रेषेच्या उत्तरेकडच्या राज्यांनी स्वातंत्र्ययुद्धानंतर गुलामगिरी हळूहळू मोडीत काढली. 'हळूहळू' हा शब्द इथे अक्षरशः घ्या. न्यूयॉर्क राज्यातले शेवटचे गुलाम मुक्त व्हायला १८२७ साल उजाडलं. ओहायोच्या उत्तरेकडच्या नव्या मुलखात मात्र १७८७ च्या कायद्यानं आधीच बंदी होती.

पण भांडणात तिसरा भिडूही होता: पश्चिम. त्याला स्वस्त जमीन हवी होती, रस्ते हवे होते आणि सुलभ कर्ज हवं होतं. जो देईल त्याच्या बाजूला तो झुकायचा.

राज्यघटनेत गुलामगिरीला मान्यता होती का?

घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. 'इतर व्यक्ती', 'कामाला बांधलेल्या व्यक्ती' अशी सोवळी भाषा आहे. पण तरतुदी होत्याच. पळून गेलेला गुलाम परत द्यायचा. बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत काँग्रेसनं बंदी घालायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रतिनिधीगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची.

या तीन-पंचमांशाच्या हिशेबाचा फायदा दक्षिणेला अनेक वर्षं झाला. ज्यांना मत नव्हतं त्यांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांना जादा जागा मिळायच्या. राष्ट्राध्यक्ष निवडतात ते प्रत्येक राज्याचे निर्वाचक; त्यांची मतंही याच हिशेबानं ठरत. १८०० मध्ये जेफरसननं जॉन अ‍ॅडम्सला ७३ विरुद्ध ६५ असं हरवलं. ही जादा मतं वजा केली तर निकाल बहुधा उलटा लागला असता. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्षपद व्हर्जिनियाकडे राहिलं, हाही निव्वळ योगायोग नव्हे.

कापसाला एवढं महत्त्व का आलं?

कारण सरकी. दक्षिणेच्या आतल्या भागात जो आखूड धाग्याचा कापूस येतो, त्याची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असते. हातानं काढायची तर एका माणसाची दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई साफ व्हायची. १७९३ मध्ये इली व्हिटनीनं दातेरी चक्रांचं यंत्र काढलं आणि हेच काम पन्नास पौंडांवर गेलं. विदर्भ-खानदेशात ज्याला आपण जिनिंग म्हणतो, तेच हे.

गंमत अशी, की मेहनत वाचवणाऱ्या यंत्रानं मेहनत करणाऱ्यांची मागणी वाढवली. सरकी काढायचा अडसर गेला, आता अडचण उरली ती वेचणीची. आणि वेचणीला यंत्र नव्हतं. तिकडे मँचेस्टरच्या गिरण्या मिळेल तेवढा कापूस गिळायला तयार. १७९० च्या सुमाराला अमेरिकेत कापसाच्या काही हजार गाठी निघत होत्या, १८३० पर्यंत हा आकडा सात लाखांच्या पुढे गेला. १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता.

माणसांचं काय झालं ते आता बघा. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी झाली, तरी गुलामांची संख्या १८०० मधल्या सुमारे ९ लाखांवरून १८३० मध्ये २० लाखांवर गेली. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या तंबाखूच्या जमिनी थकल्या होत्या, अलाबामा-मिसिसिपीच्या काळ्या जमिनी नव्या होत्या. त्यामुळे जुन्या राज्यांतून नव्या राज्यांत माणसं विकण्याचा धंदाच उभा राहिला. यादवी युद्धापर्यंत सुमारे १० लाख माणसं अशी हलवली गेली. कुणी मालकाबरोबर गेली, पुष्कळशी व्यापाऱ्यांच्या साखळदंडांत पायी किंवा जहाजानं न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या, अशी ताटातूट व्हायची.

म्हणजे उत्तरेचे हात स्वच्छ होते?

मुळीच नाही. 'उद्योगी उत्तर विरुद्ध शेतकरी दक्षिण' हे चित्र शाळेतल्या नकाशावर छान दिसतं, व्यवहारात ती एकाच धंद्याची दोन टोकं होती.

कापूस पिकायचा अलाबामात. पण त्यावर उचल द्यायचा तो अडत्या, अडत्याला पैसा पुरवायची ती न्यूयॉर्कची पेढी, माल न्यायचं ते न्यूयॉर्कचं किंवा बोस्टनचं जहाज, आणि विमाही तिकडचाच. मळेवाला हंगामाच्या आधीच पुढच्या पिकावर कर्ज काढून बसलेला असायचा. हे आपल्याकडच्या कापूसवाल्याला वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिथला 'शेतकरी' स्वतः शेतात उतरत नव्हता, आणि त्याच्या कर्जाला तारण म्हणून जमिनीबरोबर माणसंही लिहून दिलेली असत. लुइझियानात तर १८२८ पासून मळेवाल्यांच्या एका बँकेनं अशा गहाणांच्या आधारावर रोखे काढले आणि ते बेअरिंग पेढीमार्फत लंडनच्या बाजारात विकले गेले.

मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावात १८२० च्या दशकात गिरण्या उभ्या राहिल्या. आसपासच्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली तिथे वसतिगृहात राहून काम करत. १८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा त्यांनी काम बंद पाडलं, १८३६ मध्ये पुन्हा. त्या साच्यांवर चढणारा कापूस गुलामांनी वेचलेला. न्यू इंग्लंडच्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह ईशान्येकडच्या राज्यांच्या) काही गिरण्या तर खास गुलामांच्या अंगावरचं जाडंभरडं कापड विणायच्या आणि ते दक्षिणेला विकायच्या. पुढे १८४८ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गुलामगिरीविरोधी पुढारी चार्ल्स समनर यानं 'मागवाले आणि चाबूकवाले' यांच्या संगनमतावर बोट ठेवलं, ते नेमकं होतं.

संघातून फुटून निघायची भाषा दक्षिणेनंच पहिल्यांदा केली ना?

नाही, आणि हे कळल्यावर बरेच जण चमकतात.

नेपोलियन आणि ब्रिटन यांच्या लढाईत अमेरिकी जहाजांची दोन्हीकडून अडवणूक व्हायला लागली, तेव्हा जेफरसननं डिसेंबर १८०७ मध्ये परदेश-व्यापारच बंद केला. शत्रूला धडा शिकवण्यासाठी आपलंच दुकान बंद करण्यातला प्रकार. बोस्टन, सेलम इथली जहाजं धक्क्याला लागून कुजायला लागली. सव्वा वर्षानं कायदा मागे घेतला, पण कडवटपणा राहिला. १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध सुरू झालं ते न्यू इंग्लंडला नकोच होतं.

डिसेंबर १८१४ मध्ये या भागातले प्रतिनिधी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावात जमले. काहींच्या बोलण्यात फुटून निघायचीही भाषा होती, पण परिषदेनं मागितल्या त्या घटनादुरुस्त्या: तीन-पंचमांशाचा हिशेब रद्द करा, युद्ध पुकारायला दोनतृतीयांश बहुमत ठेवा, लागोपाठ दोन अध्यक्ष एकाच राज्यातले नकोत. शेवटचा टोला कुणाला होता ते उघड आहे.

त्यांचं नशीब खोटं. मागण्या घेऊन मंडळी वॉशिंग्टनला पोचतात तोच न्यू ऑर्लिन्सला सेनापती अँड्र्यू जॅक्सननं मिळवलेल्या विजयाची बातमी आली आणि पाठोपाठ तहाचीही. देश आनंदात, आणि हे हातात कागद घेऊन उभे. त्यांचा फेडरलिस्ट पक्ष त्या फजितीतून पुन्हा सावरला नाही.

'राज्यांचे हक्क' हे हत्यार त्या काळात ज्याला गरज पडली त्यानं उचललं. १८१४ मध्ये बोस्टननं, १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टननं, आणि पुढे पळालेले गुलाम पकडून द्यायला नकार देताना पुन्हा उत्तरेनं. हे तत्त्व होतं यापेक्षा हाताला आलेली काठी होती, असं माझं मत आहे.

युद्धानंतर सगळे एकदिलाचे झाले होते, हे खरं का?

चार वर्षं, फार तर. १८१६ मध्ये काँग्रेसनं वीस वर्षांच्या सनदेची दुसरी राष्ट्रीय बँक उभारली आणि गिरण्यांना संरक्षण देणारी जकातही लावली. त्या जकातीच्या बाजूनं बोलणाऱ्यांत दक्षिण कॅरोलिनाचा जॉन कॅल्हून होता. हे नाव लक्षात ठेवा. १८२० मध्ये मन्रो अध्यक्षपदी पुन्हा निवडून आला तो २३२ पैकी २३१ मतांनी. वरवर पाहता भांडणच संपलं होतं.

खाली मात्र १८१९ चं संकट येऊन गेलं होतं. कापसाचा भाव १८१८ मध्ये पौंडाला ३० सेंटच्या वर गेला, त्या जोरावर लोकांनी सरकारी जमिनी उधारीवर घेतल्या, बँकांनी नोटा छापल्या. मग इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात, जिथे हा कापूस विकला जायचा, भाव पडले. राष्ट्रीय बँकेनं, जी आधी स्वतःच सैल सुटली होती, घाईघाईनं कर्जं आवळली. भाव निम्म्यावर आला, जमिनी जप्त झाल्या, शहरांत बेकारी पसरली. पश्चिमेतल्या माणसाच्या मनात त्या दिवसापासून 'बँक' या शब्दाला जो वास लागला तो गेला नाही.

मिसुरीचा तंटा नेमका काय होता?

मिसुरीनं राज्य म्हणून प्रवेश मागितला. तिथे गुलाम होते. फेब्रुवारी १८१९ मध्ये न्यूयॉर्कचे जेम्स टालमेज यांनी उपसूचना मांडली: यापुढे मिसुरीत नवे गुलाम आणायचे नाहीत, आणि तिथे जन्मणारी मुलं पंचवीस वर्षांची झाली की मुक्त.

त्या वर्षाअखेर अलाबामा आत आल्यावर गुलामगिरीची राज्यं ११ आणि मुक्त राज्यं ११ झाली. प्रतिनिधीगृहात उत्तरेचे १०५ आणि दक्षिणेचे ८१. म्हणजे तीन-पंचमांशाचा आधार असूनही दक्षिण तिथे मागे पडली होती. तिचा भरवसा उरला होता तो सिनेटच्या समान तराजूवर. मिसुरी हा त्या तराजूत पडणारा दगड होता. टालमेज यांची सूचना प्रतिनिधीगृहात मंजूर झाली आणि सिनेटनं फेटाळली.

वर्षभरानं तोड निघाली. मॅसॅच्युसेट्समधून मेन वेगळं काढून मुक्त राज्य करायचं, मिसुरी गुलामगिरीसह घ्यायचं, आणि लुइझियानाच्या खरेदीत (१८०३ मध्ये फ्रान्सकडून) मिळालेल्या बाकी मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी बंद. लगेच दुसरा वाद उभा राहिला, कारण मिसुरीनं आपल्या घटनेत मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात यायलाच मज्जाव केला होता. केंटकीचा पुढारी हेन्री क्ले यानं शब्दांची कसरत करून तेही मिटवलं, आणि ऑगस्ट १८२१ मध्ये मिसुरी आत आलं.

म्हातारे जेफरसन तेव्हा माँटिसेलोला होते. एप्रिल १८२० मधल्या पत्रात त्यांनी लिहिलं, की रात्री आगीची घंटा वाजावी तसा हा प्रश्न मला दचकवून गेला. त्याच पत्रात गुलामगिरीबद्दल ते म्हणतात, आपण लांडग्याला कानाला धरून बसलो आहोत; धरून ठेवणंही धोक्याचं आणि सोडणंही. उपमा फार गाजली. पण लांडगा कोण आणि कान धरणारा कोण हे पत्र लिहिणाऱ्यानं ठरवलेलं आहे, हे वाचताना विसरू नये. त्यांच्या स्वतःच्या मळ्यावर शेकडो माणसं गुलाम म्हणून राबत होती.

१८२४ च्या निवडणुकीत 'सौदा' झाला होता का?

अँड्र्यू जॅक्सनला ९९ मतं, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला ८४, क्रॉफर्डला ४१, क्लेला ३७. बहुमत कुणालाच नाही, म्हणून निवड प्रतिनिधीगृहाकडे गेली. क्लेनं आपलं वजन अ‍ॅडम्सच्या पारड्यात टाकलं, अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांनी क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. लेखी पुरावा नाही. पण दोघांचे विचार आधीपासून जुळत होते म्हणावं, तरी इतकं उघडं पद देणं म्हणजे शत्रूच्या हाती आयतं कोलीत देणं होतं. जॅक्सनच्या माणसांनी पुढची चार वर्षं 'भ्रष्ट सौदा' हेच पालुपद लावलं आणि १८२८ जिंकलं.

जॅक्सन लोकशाहीवादी होता की हुकूमशहा?

गोऱ्या गरीब माणसाच्या नजरेतून पाहिलं तर पहिला. मतदानाला मालमत्तेची अट राज्याराज्यांत गळून पडत होती, आणि सरदारी थाट नसलेला हा टेनेसीचा सेनापती त्या नव्या मतदाराला आपला वाटला. मार्च १८२९ मध्ये शपथविधीनंतर एवढी गर्दी अध्यक्षांच्या निवासस्थानी घुसली, की काचसामान फुटलं आणि पाहुण्यांना बाहेर काढायला मद्याची पिंपं हिरवळीवर न्यावी लागली. निवडणूक जिंकली की सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटायच्या, ही रीतही उजळ माथ्यानं सुरू झाली.

पण हा विस्तार कुणाला वगळून झाला तेही बघायला हवं. न्यूयॉर्कनं १८२१ च्या घटनेत गोऱ्यांची मालमत्तेची अट जवळपास काढली आणि कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरची अट ठेवली.

आणि मूळ रहिवासी. मे १८३० मध्ये जॅक्सननं त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवायचा कायदा करून घेतला. प्रतिनिधीगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा काठावर पास झाला. जॉर्जियातल्या चेरोकी लोकांची स्वतःची लिखित घटना होती, सेक्वोयानं घडवलेली लिपी होती, वर्तमानपत्र होतं. त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १८३२ मध्ये न्यायमूर्ती मार्शल यांनी निकाल दिला की जॉर्जियाचे कायदे चेरोकींच्या प्रदेशात चालत नाहीत. जॉर्जियानं तो निकाल धाब्यावर बसवला, जॅक्सननं काणाडोळा केला. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकींना संगिनींच्या धाकात ओक्लाहोमाकडे चालवत नेलं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार मेले असं मानलं जातं. रिकाम्या झालेल्या जमिनीवर काय आलं? पुष्कळ ठिकाणी कापूसच.

नुसत्या जकातीसाठी दक्षिण कॅरोलिना एवढी का पेटली?

आधी जकातीचा हिशेब समजून घेऊ, कारण तक्रार अगदीच पोकळ नव्हती. दक्षिण आपला माल लिव्हरपूलला खुल्या बाजारात विकायची. तिथे भावाला संरक्षण नाही. विकत घ्यायच्या वस्तूंवर मात्र जकात. म्हणजे एकतर महाग विलायती माल घ्या, नाहीतर त्याच चढ्या भावात उत्तरेचा. १८२८ ची जकात एवढी चढी होती, की दक्षिणेत तिला 'किळसवाण्या जकातीचा कायदा' असं नाव पडलं. तिथले पुढारी जॉर्ज मॅकडफी सभांमधून सांगत, की तुमच्या शंभर गाठींतल्या चाळीस गाठी उत्तरवाला ढापतो. अर्थशास्त्र म्हणून हे गणित लंगडं होतं, प्रचार म्हणून अचूक.

पण मग अलाबामा का नाही पेटली? मिसिसिपी का नाही? तिथेही कापूसच होता, जकातही तीच होती. एकही दुसरं राज्य दक्षिण कॅरोलिनाच्या मागे उभं राहिलं नाही. तेव्हा या राज्याचं वेगळेपण शोधायला हवं.

एक तर तिथली जमीन थकली होती आणि माणसं नव्या राज्यांकडे निघाली होती. दुसरं म्हणजे तिथे निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते, किनाऱ्यावरच्या भातखाचरांच्या भागात तर फारच जास्त. १८२२ मध्ये चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हेसी या मुक्त सुताराच्या बंडाच्या कटाचा बोभाटा झाला आणि ३५ जणांना फाशी दिलं गेलं. त्या भीतीनं हे राज्य झोपेतही दचकत होतं. केंद्राला आज जकातीतून एका भागाला लुटायचा अधिकार मान्य केला, तर उद्या ते आमच्या गुलामांवर हात टाकेल, हा खरा धसका.

हे मी मागाहून जोडत नाहीये. खुद्द कॅल्हूननं सप्टेंबर १८३० मधल्या एका खाजगी पत्रात लिहून ठेवलं आहे, की जकात हे निमित्त आहे, खरं कारण नव्हे. खरं कारण दक्षिणेची ती खास 'घरगुती' व्यवस्था.

१८१६ मध्ये जकातीची बाजू घेणारा कॅल्हून १८२८ मध्ये नाव न देता तिच्याविरुद्ध प्रबंध लिहीत होता. त्याचा सिद्धांत असा: घटना हा राज्यांमधला करार आहे, म्हणून एखादा केंद्रीय कायदा घटनाबाह्य आहे असं राज्याला वाटलं तर ते आपल्या हद्दीत तो रद्दबातल ठरवू शकतं. तेव्हा तो देशाचा उपाध्यक्ष होता, हे विशेष. १३ एप्रिल १८३० ला जेफरसन जयंतीच्या मेजवानीत जॅक्सननं त्याच्याकडे रोखून पाहत प्याला उचलला: आपला संघ टिकलाच पाहिजे. कॅल्हूनचं उत्तर: संघ, आमच्या स्वातंत्र्याच्या खालोखाल सर्वांत प्रिय.

नोव्हेंबर १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलिनानं जकात रद्दबातल ठरवली. १ फेब्रुवारीपासून वसुली बंद. जॅक्सननं १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात स्पष्ट सांगितलं, की शस्त्रबळानं फुटणं म्हणजे देशद्रोह. कॅल्हून उपाध्यक्षपद सोडून सिनेटर म्हणून परतला. शेवटी पुन्हा क्लेच धावून आला: जकात १८४२ पर्यंत टप्प्याटप्प्यानं उतरवायची. तो कायदा आणि लष्कर वापरायची मुभा देणारा कायदा, दोन्हींवर २ मार्च १८३३ या एकाच दिवशी सही झाली. दक्षिण कॅरोलिनानं आपला ठराव मागे घेतला आणि जाता जाता तो लष्करी कायदाही रद्दबातल ठरवला. पडले तरी नाक वर.

ज्या वर्षी जॅक्सन संघाच्या अधिकारासाठी दक्षिण कॅरोलिनावर तलवार उपसत होता, त्याच वर्षी जॉर्जिया सर्वोच्च न्यायालयाला जुमानत नव्हती आणि त्याची हरकत नव्हती. यात विसंगती दिसत असेल तर ती आहेच.

बँकेशी जॅक्सनचं काय वाकडं होतं?

फिलाडेल्फियातली ही बँक आजच्या रिझर्व्ह बँकेसारखी सरकारी नव्हती. भांडवल साडेतीन कोटी डॉलर, त्यात सरकारचा वाटा एकपंचमांश, बाकी खाजगी भागधारक. सरकारचा सगळा पैसा मात्र तिच्याकडे. ती छोट्या बँकांच्या नोटा गोळा करून त्यांच्याकडे सोनं-चांदी मागायची, त्यामुळे या बँकांना भरमसाट नोटा छापता येत नसत. बँकेचा अध्यक्ष निकोलस बिडल हुशार माणूस होता, आणि आपण हुशार आहोत हे तो लपवत नसे.

सनद संपायची होती १८३६ ला. निवडणुकीच्या वर्षात जॅक्सन नकार द्यायला धजणार नाही, या हिशेबानं क्ले आणि बिडल यांनी १८३२ मध्येच नूतनीकरणाचं विधेयक पुढे रेटलं. जॅक्सननं १० जुलैला ते परत पाठवलं, आणि सोबतचा संदेश असा लिहिला, की श्रीमंत आणि बलवान लोक सरकारला आपल्या स्वार्थासाठी वाकवतात. मतदाराला आणखी काय हवं? त्यानं क्लेला २१९ विरुद्ध ४९ असं लोळवलं. मग सरकारी ठेवी काढून मर्जीतल्या राज्य बँकांत ठेवल्या.

लगाम सुटला. नव्या बँका, नव्या नोटा, सरकारी जमिनींची बेफाम खरेदी. जानेवारी १८३५ मध्ये तर अमेरिकेचं राष्ट्रीय कर्ज पूर्ण फिटलं. त्या देशाच्या इतिहासात असं पुन्हा कधी घडलं नाही. जुलै १८३६ मध्ये जॅक्सननंच फर्मान काढलं, की जमिनीचे पैसे सोन्या-चांदीत द्या. त्याच सुमाराला बँक ऑफ इंग्लंडनं व्याज वाढवलं, कापसाचा भाव कोसळला, आणि १० मे १८३७ ला न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणं थांबवलं. दोष जॅक्सनचा किती आणि लंडनचा किती यावर अभ्यासक अजून भांडतात. माझा कल लंडनकडे जास्त आहे, पण लगाम जॅक्सननं तोडला होता हेही तितकंच खरं. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी कर्जाचे हप्ते थकवले; मिसिसिपीनं तर रोखे फेडायला साफ नकार दिला. त्यानंतर लंडनच्या सावकारांत अमेरिकी रोख्यांची काय किंमत राहिली असेल ते सांगायला नको.

पश्चिम शेवटी उत्तरेकडे का झुकली?

एरी कालव्यामुळे, निदान सुरुवात तिथे झाली. पूर्वी ओहायोतला शेतकरी आपलं धान्य आणि डुक्कर मिसिसिपीवाटे न्यू ऑर्लिन्सला पाठवायचा, म्हणजे त्याचा बाजार दक्षिणेकडे. न्यूयॉर्क राज्यानं केंद्राकडून पैसे न मिळता १८१७ ते १८२५ मध्ये आल्बनी ते बफेलो असा ३६३ मैलांचा कालवा खणला. एका टनाला सुमारे १०० डॉलर पडणारं भाडं दहा डॉलरच्या आसपास आलं. कालव्याला, तो रेटणाऱ्या गव्हर्नर क्लिंटनच्या नावानं, 'क्लिंटनचा खड्डा' म्हणून हिणवणारे गप्प झाले, न्यूयॉर्क बंदराला मागे टाकणारं कुणी उरलं नाही, आणि सरोवरांच्या काठची नवी गावं पूर्वेकडे तोंड करून वाढली.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

ओढूनताणून नाही, पण आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकी मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नेमकं तेव्हा अमेरिका-ब्रिटन युद्ध चालू, त्यामुळे कंपनी सरकारला ते दुहेरी नकोसे होते. तरी ते टिकले, आणि पुढे अहमदनगरला मिशनचं मोठं काम उभं राहिलं. बोस्टनजवळच्या तळ्यांतला बर्फ १८३३ मध्ये जहाजानं कलकत्त्याला आला, पुढे मुंबईलाही.

कापसाचा धागा मात्र सरळ आहे. अमेरिकी कापसावर अवलंबून राहणं मँचेस्टरला टोचत होतं, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं १८४० मध्ये अमेरिकेतून दहा कापूस-मळेवाले हिंदुस्थानात आणले. त्यांचं बियाणं आणि त्यांची पद्धत इथल्या पावसाशी आणि इथल्या रयतेशी फारशी जुळली नाही. धारवाडकडे तेवढा अमेरिकी वाण रुजला. १८६१ मध्ये तिकडचा कापूस अडला तेव्हा मुंबईत जी पैशाची लाट आली आणि १८६५ मध्ये जी ओसरली, ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

गुलामगिरीवर काँग्रेसमध्ये बोलायलाच बंदी होती, हे खरं का?

हो, आठ वर्षं. १ जानेवारी १८३१ ला गॅरिसननं बोस्टनमध्ये गुलामगिरीविरोधी साप्ताहिक काढलं, ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचं बंड झालं, त्यात पन्नासच्या वर गोरे मारले गेले आणि सूड म्हणून त्याहून कितीतरी अधिक कृष्णवर्णीय. दक्षिणेत कायदे आवळले गेले, चार्ल्स्टनला १८३५ मध्ये टपालातली पत्रकं भर रस्त्यात जाळली. उत्तरेतून काँग्रेसकडे अर्जांचे गठ्ठे येत होते, त्यांत बायकांच्या सह्या ढिगानं. १८३६ मध्ये प्रतिनिधीगृहानं ठराव केला: असे अर्ज न वाचता, चर्चा न करता बाजूला ठेवायचे.

या ठरावाशी झुंजला तो माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. अध्यक्षपदावरून उतरल्यावर तो प्रतिनिधीगृहात साधा सदस्य म्हणून आला होता. नियमांतल्या फटी शोधून तो अर्ज वाचायचाच. एकदा तर गुलामांकडून आल्याचं सांगणारा अर्ज मांडू का, म्हणून सभापतींना विचारलं आणि सभागृह डोक्यावर घेतलं. गदारोळ माजल्यावर शांतपणे सांगितलं, की अर्जात गुलामगिरी मोडू नका अशीच विनंती आहे. निंदेचा ठराव आणून त्याला गप्प करायचा प्रयत्न झाला, तो फसला. डिसेंबर १८४४ मध्ये बंदी उठली.

फेब्रुवारी १८४८ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, तो सभागृहातच आपल्या जागेवर कोसळला आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत गेला. त्या दिवसांत मागच्या एका बाकावर इलिनॉयमधून पहिल्यांदाच निवडून आलेला एक उंच वकील बसायचा, अब्राहम लिंकन नावाचा.